ल्युसिनवाचून

१२ ऑगस्ट १९८४, रविवार

पोहोचले एकदाची, आणि पोहोचल्याबरोबर भांडले. विरार स्टेशनबाहेरच्या टांगेवाल्याने माझी ट्रंक उचलली आणि विचारलं, बाई, यात दगड भरलेत का? म्हटलं, पुस्तकं आहेत बाबा, हवं तर वाटेत तुझ्या घोड्याला वाचून दाखवते. तो इतका हसला की आगाशीच्या पुढे दारापर्यंत ट्रंक स्वतः आणून दिली.

घर छान आहे. कौलारू, मागे केळीची वाडी, पुढे मोगरा आणि तुळशीवृंदावनासारखा पांढरा क्रूस. घरमालकीण उर्सुलामावशी एकटी असते. मी ज्या संशोधन केंद्रात लागले तिथे नवी बाई येणार हे कळल्यावर तिनेच शिपायाबरोबर निरोप पाठवला होता की खोली तयार आहे. मी जैन, अंडंसुद्धा चालत नाही, हे सांगताना मला संकोच वाटत होता. पण तिने आधीच वेगळा स्टोव्ह आणि नवी भांडी मांडून ठेवली होती. मिरजेला आईला पत्र टाकलं, की तुझ्या शेडबाळ्यांच्या कुमुदला ख्रिस्ती गावात सोवळं मिळालं आहे, निर्धास्त झोप.

१४ ऑगस्ट

केंद्र म्हणजे समुद्राच्या बाजूचा एक बंगला. खाली प्रयोगशाळा, वर डॉ. हळबे राहतात. पन्नाशीचे, गोरे, पोट सुटलेले, बोलणं गोड. मला कुमुदताई म्हणतात. अकरा वर्षं कॉलेजात पोरांच्या स्लाइडवर चिठ्ठ्या चिकटवल्यानंतर कुणीतरी ताई म्हटलं, बरं वाटलं.

काम असं आहे. पावाचं पीठ फुगवतं ते यीस्ट साखर आणि चार क्षारांवर जगतं, बाकीचं सगळं स्वतः करून घेतं. ल्युसिन नावाचं अमिनो आम्लसुद्धा. त्यासाठी त्याच्याकडे एक जनुक असतं. आमच्या यीस्टमधलं ते जनुक मुद्दाम मोडलेलं आहे. त्यामुळे वरून ल्युसिन घातलं तरच ते जगतं, नाहीतर उपाशी मरतं. मग चांगलं जनुक डीएनएच्या एका छोट्या कड्यावर बसवायचं, त्याच कड्यावर काविळीच्या लशीचं जनुक चढवायचं, आणि कडं यीस्टमध्ये सोडायचं. ज्या पेशीत कडं शिरलं ती ल्युसिनवाचून जगते. बाकीच्या मरतात. निवड आपण करायची नाही, भूक करते.

एकच पथ्य. या पेशींना ल्युसिन कधी घालायचं नाही. आयतं मिळायला लागलं की त्यांना त्या कड्याची गरज उरत नाही, आणि थोड्याच पिढ्यांत त्या ते टाकून देतात. उपाशी ठेवलं तरच ते आत टिकतं.

लस तयार झाली की पेपर निघेल आणि त्यावर माझं नाव येईल, असं डॉक्टर स्वतः म्हणाले. चौतिसाव्या वर्षी का होईना! मला दुसरं काही नको.

१९ ऑगस्ट, रविवार

मावशी मिसाहून आल्यावर फुग्यांचं, म्हणजे इथल्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ मळत बसली. इथे पीठ ताडीने फुगवतात. शेजारच्या घरी पाहिलं होतं, पीठ झाकण्याआधी बाई तळव्याच्या कडेने त्यावर क्रूस उमटवते. मावशीने नुसतंच फडकं टाकलं. मी शहाणीसारखं विचारलं, क्रूस राहिला का? म्हणाली, राहू दे, फुगायचं ते फुगतंच.

मग तिने माझ्या कामाचं विचारलं. मी ते कडं, ते मोडलेलं जनुक, सगळं सांगितलं. भुकेचं तिने दोनदा सांगायला लावलं. "म्हंजे उपाशी असेतोवरच तो आत राहतो, होय गो?" म्हटलं, बरोब्बर. तेवढ्यात तिने चूल सारली आणि विषय तिथेच राहिला.

माझी खोली तिच्या मुलीची, सेलिनची. भिंतीवर फोटो आहे, पदवीचा झगा घातलेला. दीड वर्षापूर्वी गेली. कशाने, विचारलं, तर म्हणाली, जेवण सुटलं. आजार असावा. एकुलती एक होती बिचारी.

२७ ऑगस्ट

आज मी कमाल केली! डॉक्टरांचं यीस्ट थकलं होतं, कडं धरूनच ठेवत नव्हतं. फ्रीजच्या तळाशी जुन्या नळ्या सापडल्या, प्रत्येकीवर रेखीव अक्षरात "से." लिहिलेलं. टाकून द्यायच्या होत्या म्हणे. मी त्यातल्या एकीतलं यीस्ट जागं केलं आणि ल्युसिन नसलेल्या प्लेटवर पेरलं. काय वाढलंय! पांढरंशुभ्र, टपोरं. कडं अजून आत टिकून आहे.

डॉक्टरांना दाखवलं तर आधी चेहरा पडला, मग एकदम खुलले. आता कामणला लशीचा कारखाना काढू म्हणाले. "से." म्हणजे कोण, हे विचारल्यावर मात्र त्यांना वर फोन आला.

३१ ऑगस्ट

आजपासून आमचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व. पहिला दिवस निर्जळी, मग रोज एकदा जेवण, शेवटच्या दिवशी पुन्हा उपास. लहानपणापासून कधी चुकवला नाही. आणि मेलं आजच व्हायचं होतं! तोंडाने पिपेट ओढत होते, वरच्या टोकाला कापसाचा बोळा घालायचा राहिला, आणि "से."मधलं घोटभर यीस्ट सरळ घशात. थुंकले, शंभर चुळा भरल्या, पण गेलं ते गेलंच. आंबट आणि कोमट होतं.

कोट्यवधी जीव एका घोटात, तेही पर्वाच्या पहिल्या दिवशी! मोरीत बसून ढसाढसा रडले. प्रायश्चित्त म्हणून उद्याही पाण्यावर राहणार आहे.

३ सप्टेंबर

पेपर गेला! डॉक्टरांच्या टेबलावर प्रत पाहिली. नाव एकच, डॉ. हळबे. खाली "तांत्रिक साहाय्याबद्दल कर्मचारीवर्गाचे आभार". कर्मचारीवर्ग म्हणजे मी. विचारलं तर हसून म्हणाले, कुमुदताई, सुरुवात अशीच असते, तुम्ही अजून नवीन आहात. डोंबलाची सुरुवात! त्याच्या त्या गोऱ्या गालावर पायातली चप्पल हाणावी असं वाटलं. मी खाली मान घालून बाहेर आले. याचाच जास्त राग येतोय.

घरी येताना अर्नाळ्याची मालू कोळीण सुक्या बोंबलाची पाटी घेऊन चालली होती. त्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मला! सात पिढ्यांत कांदा न खाल्लेल्या घरातल्या मला! आणि क्रूसासमोरून जाताना माझा हात आपोआप कपाळाकडे गेला, मग छातीकडे, मग एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्याकडे. भुकेने डोकं फिरलंय झालं.

५ सप्टेंबर

उर्सुलामावशीने आज सगळं सांगितलं. आपण होऊन सांगितलं, माझ्यासमोर पाट ओढून.

"से." म्हणजे सेलिन. ते यीस्ट तिने घरच्याच ताडाच्या ताडीतून काढलं होतं. मोडायचं, जोडायचं, सगळं तिने केलं, तीन वर्षं खपून. हळब्यांनी मुंबईच्या सभेत ते स्वतःचं म्हणून वाचलं. तिने नाव मागितलं, तर म्हणाले, पोरीने नळ्या चोरल्या आणि विकायला काढल्या. जिथे जिथे तिला नोकरी मिळाली असती तिथे तिथे पत्रं गेली. पापडी गावात ठरलेलं लग्न मोडलं. मग ती केंद्राच्या फाटकाशी चटई टाकून बसली, माझं नाव लिहा मग जेवीन म्हणून. आधी अर्धा गाव सोबत बसला. मग घरचे. मग फक्त मावशी. हा माणूस रोज गाडीची काच खाली करून म्हणायचा, जेवून घे गं पोरी. तिथेच गेली ती. वर्तमानपत्रात आलं, वेडसर होती. आपल्या हाताने मेली म्हणून मातीलाही काही जण आडवे आले, फादरांनी कुणाचं ऐकलं नाही.

मावशी रडली नाही. म्हणाली, "तुला मी मुद्दाम बोलावली. कोनतरी आतलं पायजे होतं." मला राग यायला हवा होता, नाही आला. मी तिचे हात धरले आणि म्हणाले, मावशी, याला सोडायचं नाही. म्हणताना आवाज माझा नव्हता. मावशीने वर पाहिलं, आणि मग बराच वेळ ती माझ्याकडे बघतच राहिली.

८ सप्टेंबर

मारियेच्या जन्माचा सण, घंटा वाजताहेत, पोरं नव्या भाताची कणसं घेऊन देवळात चालली आहेत. मला त्यातली सगळी गाणी येतात. मी ती कुठे शिकले नाही.

हळबे वाळतोय. गेल्या सोमवारी होतं ते पोट आज नाही, शर्टाची कॉलर मानेपासून सुटली आहे. जेवतो दुप्पट. डबा दोन माणसांचा येतो, चाटूनपुसून खातो, आणि तासाभरात पुन्हा भूक भूक.

मला शंका आली म्हणून एक प्रयोग केला. मोडक्या यीस्टसाठी ल्युसिन घालून दोन प्लेट केल्या. ल्युसिनची बाटली एक, प्लेटमधली आगरची जेली एक. एकीत ल्युसिन मी घातलं, दुसरीत त्याला घालायला लावलं. माझ्या प्लेटवर यीस्ट दाट वाढलं. त्याच्या प्लेटवर एक ठिपका नाही. पुन्हा केलं, तेच. त्याच्या हाताला लागलेलं ल्युसिन कुणाच्या पोटात जात नाही.

माणसाकडे हे जनुक मुळातच नसतं. माणूस ल्युसिन करू शकत नाही, जेवणातूनच घेतो. ते मिळालं नाही तर कितीही खा, अंगी लागत नाही. हे मी कॉलेजात पोरांना घोकून घोकून सांगितलंय. आज पहिल्यांदा सांगताना मजा आली असती.

१० सप्टेंबर

आज पारणं होतं. आईने शिकवलं तशी मुगाची डाळ आणि भात केला. घास तोंडाशी नेला आणि थांबले.

जेवले तर सेलिन जाईल. मला हे कुणी सांगितलं नाही, पण स्वतःच्या विषयात एवढी तरी अक्कल आहे. त्या घोटाबरोबर ती आत आली, उपास होता म्हणून टिकली. मी पोटभर जेवले की चार दिवसांत तिला बाहेर टाकीन आणि विसरून जाईन. आणि तो वर बंगल्यात पुन्हा गुबगुबीत होईल, कामणला फीत कापेल.

भात गाईला घातला. मावशीने पाहिलं. पाण्याचा तांब्या भरून ठेवला.

१३ सप्टेंबर

काय सुख आहे! त्याला जिना चढताना कठडा धरावा लागतो. आज माझ्यासमोर रडला. म्हणाला, मुंबईचे डॉक्टर म्हणतात रिपोर्ट चांगले आहेत, मग हे काय होतंय मला, कुमुदताई? मी म्हटलं, जेवून घ्या. अगदी गोड आवाजात म्हटलं. त्याचा चेहरा असा झाला — तो आवाज त्याने ओळखला.

शिव्या देते मी त्याला मनात, इथल्या बोलीत, ज्या मला येत नाहीत. एक एक शिवी चघळून.

१६ सप्टेंबर, रविवार

मलाही चक्कर येते. केस हातात येतात. चालेल. तो माझ्याआधी जाईल, तो आधीच अर्धा गेलाय.

दुपारी फाटकाशी जाऊन बसले. चटई कुठे टाकायची ती जागा माहीत होती. गावातले जाताना बघत होते, एक म्हातारी थांबली आणि क्रूस करून पळाली. वरच्या खिडकीचा पडदा हलला. बघ म्हटलं. नीट बघ.

१९ सप्टेंबर

आईचं पत्र आलं. वाचताना पहिल्यांदा कळेना ही कोण बाई. मग कळलं —

आई, मी काय करतेय इथे? पुरे झालं. एक वाटी ताक तरी घ्यावं म्हणून उठले. ताक ओतलं. वाटी उचलली. हात खाली आला, आपोआप, सावकाश, सगळं ताक जमिनीवर.

मी ठरवलं होतं ना? मग मी नको म्हटल्यावर का —

२२ सप्टेंबर

त्याने केलं. आज फाटकाशी. दोन माणसांनी धरून आणला, हाडांचा नुसता सापळा. लोक जमले. कागद वाचला. यीस्ट सेलिनचं. काम सेलिनचं. चोरी खोटी. पत्रं खोटी. सगळ्यांसमोर तिचं पूर्ण नाव. मग माझ्यासमोर गुडघे टेकून म्हणाला, आता सोड.

मला वाटलं संपलं. मला रडू आलं, मी त्याला म्हणणार होते, ऊठ —

आणि मी हसले. मी नाही. तोंड माझं. म्हणाली, नाव तेव्हा हवं होतं. आता तू हवा आहेस.

२४

हळबे गेला. पहाटे. मुंबईच्या हॉस्पिटलात नळीने अन्न घालत होते तरी.

आनंद झाला. खरं लिहिते, झाला. मिनिटभर.

मग म्हटलं सेलिन, झालं ना, जा आता. मी जेवते.

काही नाही. आत काहीच हललं नाही. बसली आहे. आरामात, घरी असल्यासारखी —

तिचीच खोली ना ही

२५

भात शिजवायला उठता येत नाही. मावशीला म्हटलं पेज दे. हात माझा ऐकत नाही, तू भरव. दोन घास गेले की पुढचे जातील, मी सांगते, मला माहीत आहे, हे माझंच शास्त्र आहे, ल्युसिन मिळालं की —

मावशीने पेज केली. मऊ. वास आला. जन्मात इतका चांगला वास —

चमचा तोंडापाशी आणला. मी तोंड उघडलं. मीच. जोर लावून, पण उघडलं. जमलं —

मावशी माझ्या डोळ्यांत बघत होती. हाक मारली. सेलिन.

आणि माझ्या तोंडून आलं, आई.

चमचा थांबला.

म्हटलं मावशी, मी कुमुद. भरव. मावशी भरव ना —

म्हणाली, तू जेवलीस तर माझी पोर पुन्हा जाईल. पयल्या खेपेला मी तिला जेव जेव म्हनत बसले आनि ती गेली. आता नाही म्हननार.

वाटी घेऊन उठली. रागावलेली नाही. माझे केस मागे सारले, पांघरूण घातलं. दाराला बाहेरून —

२५ किंवा २६

तांब्यात पाणी आहे. नुसतं पाणी. दाराशी बसून मावशी मायेने बोलते आहे, लहानपणचं सगळं, आणि मला सगळं आठवतंय, वाडी, ताड, शाळा — मिरज आठवत नाही —

लिहून ठेवते म्हणजे राहील. मी कुमुद. कुमुद शेडबाळे. आईचं नाव — आईचं नाव उर्स